आईंची चार बोटं

त्या सकाळी आमच्या गाडीचा पुढचा बंपर सासूबाईंच्या परकराच्या नाडीनं बांधलेला होता.

नाडी नवीकोरी होती, हे आधीच सांगते, नाहीतर आई रागावतील. निळी, सुती, चांगली जाडजूड. लाल गाडीच्या तोंडावरून ती अशी आवळली होती की गाडीची दाढ दुखतेय आणि गालफडं बांधून आम्ही तिला दवाखान्यात निघालोय, असं कुणालाही वाटावं.

“हळू घे रे!” मागच्या रिक्षातून आई ओरडल्या. “तुटली तर दुसरी न्हाई माझ्याकडं!”

आम्ही दोघं पुढे गाडीत आणि आई मागून रिक्षात, अशी आमची वरात फुलेवाडीहून उद्यमनगरला निघाली होती. गाडीत जागा नव्हती असं नाही. पण या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, अशी आईंनी शपथ घेतली होती. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला धैर्यशीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना मोठ्या हौसेनं भिशीला सोडलं. बसताना त्या बसल्या. बसल्या म्हणण्यापेक्षा खाली गेल्या. पोहोचल्यावर मात्र वर येता येईना. भिशीतल्या दोघींनी एकेक हात धरून ओढलं, आणि तिसरीला धरायला काही उरलं नाही म्हणून तिनं नुसतंच “एक, दोन, तीन” म्हटलं.

“गाडी हाय का घोरपड?” घरी येऊन आई कडाडल्या. “जमिनीला पोट लावून चालतीया!”

नाव तिथंच पडलं. कॉलनीतली पोरंसोरंसुद्धा ‘घोरपड आली, घोरपड आली’ म्हणायला लागली.

घोरपड दोन दारांची, लाल, आणि मुळातच बुटकी. धैर्यशीलनं ती लग्नाआधी जुनी विकत घेतली आणि आखूड स्प्रिंगा घालून आणखी बसकी केली. अशी गाडी रस्त्याला चिकटून पळते, वळणावर हलत नाही, हे सगळं खरं. पण कोल्हापुरात रस्ता कमी आणि स्पीडब्रेकर जास्त.

आमचं लग्न ठरायच्या वेळी, कोल्हापुरात माझ्या मावशीकडे बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर, घरच्यांनी आम्हाला रंकाळ्यावर फिरून या म्हणून सांगितलं. मी सांगलीची. अशी गाडी जन्मात पाहिली नव्हती. साडी सावरत कशीबशी आत बसले. शंभर पावलांवर पहिला स्पीडब्रेकर आला आणि या माणसानं गाडी थांबवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“जरा उतरता का?”

मला वाटलं, नकार एवढ्या लवकर?

“नाही, म्हणजे… वजन कमी झालं की गाडी वर उचलते. आणि समोरून कुणी बघितलं तर बरं पडतं. किती अंतर राहतंय ते.”

मग मी उतरले. काठापदराची साडी खोचून भर रस्त्यात गाडीपुढे वाकले आणि “या… या… थोडं या… थांबा!” असं करत ती गाडी पार करून दिली. सरळ घेतली तर घासणार, म्हणून तो ती तिरकी घ्यायचा: आधी एक चाक, मग दुसरं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी भराभर फिरवत. रंकाळ्यापर्यंत सात स्पीडब्रेकर होते. सातही वेळा मी उतरले. परत आलो तेव्हा मावशीनं विचारलं, “काय गं, काय बोललात?” मी म्हटलं, “काहीच नाही. सप्तपदी झाली.”

तेव्हापासून ते काम माझं होतं. नव्या घरात आल्यावर प्रत्येक कामाला आधीच कुणीतरी असतं. चहा आईंच्या हातचा, देवपूजा सासऱ्यांची, बाजाराची पिशवीसुद्धा ठरलेल्या खुंटीला. मी कुठं हात घालायला गेले की “असू दे गं, मी करते.” गाडीपुढे वाकून ‘ये’ म्हणणं, हे एकच काम त्या घरात माझ्या आधी कुणी केलेलं नव्हतं. सासरे गेल्यावर घर फार गप्प झालं, तेव्हासुद्धा रविवारी आम्ही दोघं निघायचो. मी उतरायची, वाकायची, तो काचेतून माझ्या हाताकडे बघायचा. आम्ही कधी भांडलो असलो तरी स्पीडब्रेकरला बोलावंच लागायचं.

आणि आता ती गाडी विकायची ठरली होती. निपाणीचा एक माणूस रविवारी बघायला येणार होता. तो यायच्या आत फुटलेला बंपर बदलायचा, म्हणून ही वरात.

फुटला कसा, तर तेही सांगते. मला सातवा संपत आला होता. सांगलीला माहेरी डोहाळजेवण झालं, पाच दिवस राहिले, आणि धैर्यशील मला आणायला आला. परतीच्या वाटेवर मी डोळे उघडले ते ‘खर्रर्र… कडाड्’ अशा आवाजानं. आमच्याच कॉलनीच्या तोंडाशी, रोजच्या स्पीडब्रेकरवर बंपर मधोमध तडकला होता. डावी बाजू निखळून लोंबत होती.

“झोपला होतास का?” माझ्या तोंडातून पहिलं हेच निघालं.

तो खाली उतरून बघत राहिला. “लक्ष नव्हतं,” एवढंच म्हणाला.

शहरातला एकेक स्पीडब्रेकर ज्याला तोंडपाठ, त्याचं घराजवळच्या स्पीडब्रेकरवर लक्ष नव्हतं! घरी आई म्हणाल्या, “बरंच झालं. आता विका ती घोरपड. उद्या हिच्या कडेवर पोर असणार. मग कोण उतरणार गाडीतनं?” मला वाटलं, हा आता बाजू मांडेल, भांडेल. चार वर्षं भांडत आला होता. पण तो म्हणाला, “बघू. विकून टाकू.”

इतकं सोपं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी नेमकं कामापुरतं बोलत होते. मला वाटत होतं, बाप होणार म्हटल्यावर याच्यातलं काहीतरी आधीच म्हातारं झालं. आणि मग आम्हा दोघांचं म्हणून जे होतं, तेही एकेक करून असंच निपाणीला जाणार.

उद्यमनगरात नझीरभाईंचं जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. बाहेर दारं, आरसे, दिव्यांच्या खोबण्या अशा टांगलेल्या असतात की खाटिकाचं दुकान वाटावं. नझीरभाईंनी नाडीकडे बघितलं, धैर्यशीलकडे बघितलं, आणि काहीच विचारलं नाही. जुना धंदेवाईक माणूस.

“दोन आहेत तुमच्या गाडीला बसणारे,” ते म्हणाले. “बघा की.”

पहिला होता कंपनीचाच, एका अपघातातल्या गाडीचा काढलेला. राखाडी, सरळसोट, खालून चांगला वर. धैर्यशीलनं तो उचलून गाडीपुढे धरला. घोरपड कवळी काढून ठेवल्यासारखी दिसायला लागली.

“ह्योच घ्या,” रिक्षातून उतरत आई म्हणाल्या. त्या आल्याच होत्या त्यासाठी. आम्ही काही नखरेल उचलू नये म्हणून.

“आणि दुसरा?” मी विचारलं.

दुसरा पुण्याहून आलेला होता. काळा, चकचकीत, खाली फाळासारखी धार निघालेला, दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी. नझीरभाईंनी तो दोन्ही हातांवर असा आणला की जणू बाळच आणलं. गाडीपुढे धरला आणि गाडी एकदम अंगावर धावून आल्यासारखी दिसली.

“आई गं!” मी म्हणाले.

“आई कशाला बोलावतीस? हाय मी इथंच,” आई म्हणाल्या. त्या पुढे झाल्या, बंपरखाली बोटं घालून बघितली. दोन बोटं जेमतेम गेली. “याच्याखालनं मुंगी जायची झाली तर वाकून जाईल.”

नझीरभाई हसले. “अम्मा, फॅशन आहे.”

“व्हय. फॅशनमध्ये पोर दवाखान्यातनं घरी कसं यायचं?”

मी धैर्यशीलकडे बघितलं. चार वर्षांपूर्वी हा माणूस त्या काळ्या बंपरसाठी जेवण विसरला असता. आता त्यानं त्याला हातसुद्धा लावला नाही.

“साधाच द्या नझीरभाई,” तो म्हणाला. “विकायचीच आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसांत ते तसंही कशानंही यायचं. आदल्या दिवशी दूध उतू गेलं तेव्हाही आलं होतं. पण नझीरभाईंना काय माहीत? त्यांना वाटलं, पोरगी बंपरसाठी रडतेय.

“ताई, ताई, रडू नका,” ते गडबडले. “हे बघा, तिसरा एक रस्ता आहे. श्यामराव कुंभार. कुंभार गल्लीत. गणपतीवाले.”

“गणपतीवाले?” आईंनी विचारलं.

“फायबरच्या मोठ्या मूर्ती करतात ते. मंडळांच्या. या दिवसांत त्यांना काम नसतं, तर गाड्यांचे बंपर घडवतात. तुम्ही म्हणाल तसा, म्हणाल त्या मापाचा. हा फुटका साचा म्हणून घेऊन जा. काही पटलं नाही तर हा राखाडी कुठं जातोय? ठेवतो मी बाजूला.”

धैर्यशील नको म्हणणार होता. पण तेवढ्यात आई रिक्षात जाऊन बसल्यासुद्धा. “चला. गणपतीवाला माणूस आहे, फसवायचा न्हाई.”

श्यामराव कुंभारांच्या शेडमध्ये डोकं नसलेला एक मोठा उंदीर होता, कापडात गुंडाळलेली सोंड होती, आणि भिंतीला टेकून तीन बंपर वाळत होते. श्यामराव साठी उलटलेले, बारीक, दाढीचे खुंट पांढरे. कुठला पांढरेपणा वयाचा आणि कुठला प्लास्टरचा, सांगता येत नव्हतं. त्यांनी मला आधी स्टूल दिलं, मग बंपरकडे वळले.

नाडी सोडली, घडी करून आईंच्या हातात दिली. “घ्या अक्का. चांगली आहे.”

आईंनी ती कमरेला खोचली आणि दुसरीकडेच बघायला लागल्या.

श्यामरावांनी बंपर काढून जमिनीवर उताणा ठेवला आणि त्याच्याजवळ मांडी घालून बसले. मूर्तीच्या चेहऱ्यावरून फिरवावीत तशी बोटं त्याच्या पोटावरून फिरवत राहिले. मी स्टुलावर, मायलेक माझ्या बाजूला उभे.

“साहेब,” अखेर ते म्हणाले, “गाडी तुम्ही एकटेच चालवता?”

“हो.”

“हे ओरखडे बघा. डाव्या कोपऱ्यावर. बारके बारके, दोन-तीनशे असतील. म्हणजे तुम्ही रोज तिरकी घेणारा माणूस. निगुतीनं घेणारा.” मग त्यांनी बोट मधे आणलं. “आणि हा एक. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आडवा. इथंच फुटलाय. म्हणजे त्या एकाच दिवशी तुम्ही सरळ घेतली. का?”

“लक्ष नव्हतं,” धैर्यशील म्हणाला.

“लक्ष नसतं तर वेगात आदळला असता. चुरा झाला असता. हा हळूच घासत गेलाय. इंचाइंचानं. माहीत असून सरळ घेतलीय तुम्ही.” ते मजेत हसले. “मला काय करायचंय म्हणा. पण साचा धरायच्या आधी कसं मोडलं ते मी विचारून घेतो. मूर्तीचं पण विचारतो.”

मी धैर्यशीलकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या.

“तिरकी घ्यायला दोन्ही हात लागतात,” तो उंदराकडे बघत म्हणाला.

“मग?”

“एक मोकळा नव्हता.”

“फोनवर होतास!” आई उसळल्या. “सतरांदा सांगितलं, गाडी चालवताना…”

“फोन नव्हता, आई.”

“मग काय होतं हातात?”

“हातात नाही. खांद्यावर.” तो इतक्या हळू बोलला की श्यामराव पुढे वाकले. “हिचं डोकं होतं.”

श्यामरावांनी बंपरवरचा हात काढून घेतला.

“पाच रात्री झोपली नव्हती ही,” तो म्हणाला. “छातीत जळजळ, पाठ दुखतेय, फोनवर नुसतं तेच. सांगली सोडली आणि हातकणंगल्याच्या अलीकडे डोळा लागला. डोकं आलं माझ्या खांद्यावर. मग मी… बाकीचे स्पीडब्रेकर चुकवून आलो. लांबून, बायपासनं. हा एकच चुकवता येत नाही ना. ‘उतर’ म्हणायचं तर उठवायला लागणार. स्टिअरिंग फिरवायचं तर खांदा हलणार. म्हटलं, जाऊ दे बंपर.”

माझ्या तोंडातून निघालं ते हे: “अरे, पण त्या आवाजानं मी उठलेच की!”

धैर्यशीलनं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर असा भाव, की हे त्याला आठ दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं.

“ते,” तो म्हणाला, “डोक्यात आलं नाही.”

श्यामरावांना हसू आवरेना. त्यांनी तोंड फिरवून उंदराच्या पाठीवर हात ठेवला आणि खांदे गदगदा हलायला लागले. मग मीही हसले, आणि हसता हसता रडले. आईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की दुसरं काही, ते दिसलं नाही.

“मग सांगायचं नाही का तेव्हा?” मी म्हटलं.

“तू विचारलंस, झोपला होतास का. मी काय सांगू, तू झोपली होतीस म्हणून?”

“आणि विकायला लगेच तयार झालास ते?”

“आई म्हणाली, पोर झाल्यावर कोण उतरणार. बरोबरच बोलली. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुला पोर घेऊन रस्त्यात वाकायला लावू? आणि तू वाकणार नसशील तर…” त्यानं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, “दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघून मला चालवता येत नाही.”

श्यामरावांनी डोळे पुसले, घसा खाकरला. “हां. तर आता कामाचं बोलू. जुनाच घाट ठेवायचा की बदलायचा? खालून किती ठेवायचं?”

“किती ठेवता तुम्ही?” धैर्यशीलनं विचारलं.

“माझ्याकडं पट्टी नाही. घरातल्या गणपतीचं माप मी ज्याच्या घरी जायचा त्याच्या वितीनं घेतो. माझी वीत काय कामाची? तसंच हे. चार बोटं ठेवायची. पण बोटं कुणाची, ते आधी सांगा. पुढं उतरून बघतं कोण?”

“ही,” धैर्यशील म्हणाला.

“मग सूनबाईंची घेऊ.”

मी हात पुढे केला. चार बोटं जुळवली. सातव्या महिन्यातली सुजलेली बोटं, अंगठी काढून ठेवलेली. आणि तसाच हात धरून मी थांबले. कारण फेब्रुवारीत या हातात बाळ असणार होतं, आणि आईंचा तो प्रश्न अजून तिथंच होता, आमच्या चौघांच्या मधे. कोण उतरणार?

मी हात मागे घेतला. चार वर्षं तो माझा मान होता. सोडताना कळलं, केवढा होता ते.

“आई,” मी म्हणाले. “तुमचा हात बघू.”

“माझा? मी काय करू?”

“तुम्ही उतराल?”

“मी त्या घोरपडीत बसणार न्हाई, मग उतरायचं कुठनं?”

“बसावं लागेल आधी.”

आईंनी श्यामरावांकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मग त्यांची नजर त्या उताण्या बंपरवर गेली, त्या एका लांब ओरखड्यावर. तिथंच जरा रेंगाळली.

“याचा बाप,” त्या म्हणाल्या, “मी झोपले की रेडिओ बंद करायचा. आणि रेडिओ बंद झाला की मला जाग यायची.” पदरानं नाक पुसलं. “एवढी वर्षं सांगितलं न्हाई मी त्यांना.”

आणि त्या सरळ गाडीपाशी गेल्या, साडीचा काठ सावरला, गाडीपुढे उकिडव्या बसल्या आणि चार बोटं जुळवून, करंगळी जमिनीला टेकवून, हात उभा धरला. भाकऱ्या थापून रुंद झालेला हात. माझी सहा बोटं मावली असती त्या चारात.

“घ्या माप,” त्या म्हणाल्या. “लवकर घ्या, पाय भरून येतात.”

“थांबा अक्का, गाडी रिकामी आहे. रिकाम्या गाडीचं माप खोटं असतंय. माणसं बसली की गाडी बसते. कोण कोण असणार आत?”

“मी आणि ही,” धैर्यशील म्हणाला.

“आणि बाळ,” मी म्हटलं.

“बाळ आहेच तुमच्यासंगं,” श्यामराव म्हणाले.

“बाळाचं सामान न्हाई का?” आई खालून म्हणाल्या. “बाळ तीन किलोचं, सामान तीस किलोचं.”

मग आम्ही दोघं आत बसलो, आणि बाळाच्या सामानाचं म्हणून श्यामरावांनी प्लास्टरचं एक पोतं मागच्या सीटवर आणून ठेवलं. घोरपड कुरकुरत खाली बसली. काचेतून मला फक्त आईंचा अंबाडा आणि हात दिसत होता. धैर्यशीलनं माझ्याकडे न बघता त्याचा डावा खांदा थोडा पुढे केला. मी त्यावर डोकं टेकलं. आठ दिवसांचं ते कामापुरतं बोलणं तिथंच संपलं.

“आणि ओ,” बाहेरून आईंचा आवाज आला, “तोंड जरा हसरं करा. आधीचा बंपर रागावल्यासारखा होता. पोरगं भ्यायला नको.”

“करतो की,” श्यामराव म्हणाले. “दोन्ही टोकं उचलतो जराशी. आयुष्यभर तेच केलंय.”

निपाणीच्या माणसाला आईंनीच फोन केला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. “न्हाई, विकायची न्हाई. का म्हणजे? माप देऊन झालंय माझं.” त्या माणसाला काय कळलं असेल, देव जाणे. नझीरभाईंचा राखाडी बंपर अजून तिथंच टांगलेला आहे.

मुलगी झाली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. ती निळी नाडी तोवर पाळण्याची दोरी झाली होती. आई म्हणाल्या, एवढी भक्कम दुसरी कुठं मिळणार.

दवाखान्यातून घरी न्यायला घोरपड आली. नवा लाल रंग, आणि खाली दोन्ही टोकांना किंचित उचललेलं ते तोंड. दाराशी बसलेल्या दोन परिचारिका तिच्याकडे बघून उगाचच हसल्या. मी मुलीला घेऊन मागे बसले. पुढच्या सीटवर आई. बसल्या, म्हणजे खाली गेल्या. पण या खेपेला वर कसं यायचं त्याचा त्यांनी सराव केला होता. आमच्या नकळत, दुपारी, अंगणात उभ्या असलेल्या गाडीत. शेजारणीनं मला नंतर सांगितलं. आधी पाय बाहेर, मग दाराच्या चौकटीला हात, मग “हां!”

दवाखान्यापासून घरापर्यंत पाच स्पीडब्रेकर. पाचही वेळा “हां!” ऐकू आलं. शेवटचा आमच्या कॉलनीच्या तोंडाशी. पाच वाजले होते, सगळ्या गॅलऱ्यांत माणसं. आई गाडीपुढे रस्त्यात उकिडव्या बसल्या, चार बोटं लावून बघितली आणि उठल्या.

“ये… ये… अजून ये… तिरकी घे. अरे तिरकी म्हटलं की! दोन हात हाईत न्हवं आता? ये…”

समोरून दुधाची गाडी आली. आईंनी तिला हात दाखवून अशी थांबवली की दूधवाल्यानं इंजिनच बंद केलं.

एक चाक चढलं. उतरलं. दुसरं चढलं. धैर्यशीलची नजर आईंच्या हातावरून हलली नाही. दुसरं उतरलं. आवाज कसलाच नाही.

आई खिडकीशी आल्या आणि वाकून आत बघितलं.

“जागी झाली?”

माझ्या मांडीवर ती मुठी मिटून झोपली होती. “नाही,” मी म्हटलं.

“मग झालं.”

आत बसायला त्यांनी दार उघडलं, सीटकडे एकदा बघितलं आणि दार लावून टाकलं. “राहू दे. आता घर तर आलं. पुन्हा कोण खाली जातंय.” आणि पदर खोचून त्या पुढे चालायला लागल्या. त्यांच्या मागून, त्यांच्या पावलानं, हसऱ्या तोंडाची घोरपड. फाटकापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. फक्त उजवा हात पाठीमागे धरून, चारही बोटांनी, ये ये करत राहिल्या.